विश्लेषण : फुप्फुसातील कफापासून लशीच्या कुपीपर्यंत… डीएनए कापणारी एन्झाइम नेमके काय करतात?

डीएनए म्हटले की जनुके, वंशपरंपरा, गुन्ह्याचा तपास अशा गोष्टी आठवतात. डीएनए जपून ठेवायचा असतो, वाचायचा असतो, अशीच आपली समज असते. मात्र औषधनिर्मितीच्या कारखान्यात आणि काही रुग्णांच्या शरीरात नको असलेला डीएनए ही मोठी डोकेदुखी ठरते. तो नष्ट करण्यासाठी निसर्गानेच तयार केलेली ‘कात्री’ वापरली जाते. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांचा श्वास मोकळा करण्यापासून लशीची शुद्धता राखण्यापर्यंत आणि अगदी कपडे धुण्यापर्यंत ही कात्री पोहोचली आहे. तिचा उपयोग कुठे सिद्ध झाला आहे, कुठे ती घातक ठरू शकते आणि भारतीय रुग्णांपर्यंत ती का पोहोचत नाही, याचा हा आढावा.

डीएनए कापणारी एन्झाइम म्हणजे काय?

एन्झाइम म्हणजे विकर. एखादी रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे हे प्रथिन असते. अन्नातील पिष्टमय पदार्थ तोडणारे एन्झाइम लाळेत असते, तसेच डीएनएचे तुकडे करणारेही एन्झाइम असते. त्याला ‘डीएनेज’ म्हणतात. डीएनए हा एक लांबलचक दुहेरी धागा असतो. माणसाच्या एका पेशीतील सगळा डीएनए सरळ केला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. या धाग्याचे मणी फॉस्फेटच्या दुव्यांनी जोडलेले असतात. डीएनेज पाण्याच्या रेणूचा वापर करून नेमके हे दुवे तोडते. बघता बघता लांब धाग्याचा भुगा होतो.

आपल्या शरीरात ही एन्झाइम जन्मापासून काम करत असतात. डीएनेज-१ हे लाळ, रक्त, मूत्र आणि आतड्यातील स्रावांत आढळते. डीएनेज-२ पेशीच्या आतील आम्लधर्मी पिशव्यांमध्ये असते. रोज कोट्यवधी पेशी मरतात, त्यांच्यातील डीएनएचा कचरा साफ करणे हे त्यांचे काम. आपण खाल्लेल्या भाजी, डाळ, मांसातील डीएनएही पचनमार्गात असाच तोडला जातो.

येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. डीएनेज-१ सारखी एन्झाइम फारशी निवड न करता जिथे जमेल तिथे डीएनए कापतात. याउलट ‘रिस्ट्रिक्शन एन्झाइम’ ठरावीक अक्षरक्रम ओळखून तिथेच काप देतात. त्यांच्या शोधासाठी व्हर्नर आर्बर, डॅनियल नॅथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्याचे तंत्र त्याच शोधावर उभे राहिले. आज चर्चेत असलेले जनुकसंपादनाचे ‘कॅस-९’ हेही डीएनए कापणारेच एन्झाइम. फक्त त्याला कुठे कापायचे याचा पत्ता देता येतो. या लेखाचा विषय मात्र पत्ता न विचारता सफाई करणाऱ्या पहिल्या गटाचा आहे.

शोधाचा इतिहास काय?

डीएनए हाच आनुवंशिकतेचा वाहक आहे, हे सिद्ध करण्यातच या एन्झाइमने मोलाची भूमिका बजावली. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ओस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी न्यूमोनियाच्या जीवाणूंवर प्रयोग केले. निरुपद्रवी जीवाणूला घातक बनवणारा अर्क त्यांनी तपासला. प्रथिने तोडणारी एन्झाइम घातली तरी अर्काचा गुण टिकून राहिला. डीएनए तोडणारे एन्झाइम घालताच तो नाहीसा झाला. पुढे मोझेस कुनिट्झ यांनी गुरांच्या स्वादुपिंडातून डीएनेज शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. या एन्झाइमची ताकद मोजण्याच्या एका एककाला आजही कुनिट्झ यांचे नाव आहे.

चिकट कफाचा आणि डीएनएचा संबंध काय?

सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार आहे. ‘सीएफटीआर’ नावाच्या जनुकात बिघाड झाल्याने पेशींमधून क्षार आणि पाण्याची ये-जा नीट होत नाही. परिणामी फुप्फुसातील स्राव घट्ट होतो आणि त्यात जीवाणू ठाण मांडतात. त्यांच्याशी लढायला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी झुंडीने येतात आणि तिथेच मरतात. मरताना त्यांचा डीएनए बाहेर सांडतो.

हा डीएनएच कफाला तार सुटेल इतका चिकट बनवतो. या रुग्णांच्या पूमिश्रित कफात दर मिलिलीटरमागे तीन ते १४ मिलिग्रॅम डीएनए आढळल्याची नोंद आहे. ऐकायला ही मात्रा किरकोळ वाटते. मात्र अतिशय लांब धाग्यांच्या रेणूंची थोडीशी मात्राही द्रवाला गोंदासारखे करते. असा कफ खोकून निघत नाही, श्वासनलिका बंद होतात, पुन्हा संसर्ग होतो आणि पुन्हा पांढऱ्या पेशी मरतात. फुप्फुस हळूहळू निकामी करणारे हे दुष्टचक्र असते.

पहिला प्रयत्न का फसला?

पूसारखा घट्ट स्राव डीएनेजने पातळ होतो, हे १९४० च्या दशकाअखेरीस आणि १९५० च्या सुरुवातीलाच दिसून आले होते. गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या डीएनेजला अमेरिकेत १९५८ मध्ये मंजुरीही मिळाली. कफ पातळ होत असे. पण काही रुग्णांना श्वासनलिका आकसण्याचा तीव्र त्रास झाला. एक तर ते प्रथिन परक्या प्राण्याचे होते. शिवाय त्यात प्रथिने तोडणाऱ्या ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिनची भेसळ राहत असे. त्यामुळे ते औषध मागे पडले.

या कल्पनेला ३० वर्षांनी पुन्हा उजाळा मिळाला. जेनेन्टेक या अमेरिकी कंपनीत स्टीव्हन शॅक आणि सहकाऱ्यांनी मानवी डीएनेज-१ चे जनुक वेगळे केले आणि १९९० मध्ये त्याबद्दलचे संशोधन प्रसिद्ध झाले. हे जनुक चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशातील पेशींमध्ये घालून शुद्ध मानवी एन्झाइम तयार करण्यात आले. हेच ‘डॉर्नेज अल्फा’. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मंजुरी दिली आणि ‘पल्मोझाइम’ या नावाने ते बाजारात आले. विशेष म्हणजे, डीएनए कापणारे हे औषध बनवण्यासाठीही डीएनए कापणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमचीच, म्हणजे रिस्ट्रिक्शन एन्झाइमची मदत लागली.

रुग्णांना किती फायदा होतो?

१९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ९६८ रुग्णांवरील २४ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिवसातून एकदा औषध घेणाऱ्यांमध्ये छातीचा संसर्ग बळावण्याचा धोका २८ टक्क्यांनी, तर दोनदा घेणाऱ्यांमध्ये ३७ टक्क्यांनी घटला. एका सेकंदात जोराने किती हवा बाहेर टाकता येते, त्यावरून फुप्फुसाची क्षमता मोजतात. त्यात दोन्ही गटांत पाच ते सहा टक्क्यांची सुधारणा दिसली.

नेहमीची मात्रा अडीच मिलिग्रॅम आहे आणि ती नेब्युलायझरमधून वाफाऱ्यासारखी घेतली जाते. ती बहुतेकदा दिवसातून एकदा असते. आवाज बसणे, घसा दुखणे, अंगावर पुरळ उठणे असे दुष्परिणाम दिसू शकतात. नेब्युलायझरमध्ये हे औषध दुसऱ्या कोणत्याही औषधात मिसळायचे नसते. ते आजार बरा करत नाही, जनुकातील दोष तसाच राहतो. ते फक्त साचलेला कफ कापून पातळ करते, जेणेकरून तो खोकून बाहेर काढता येईल. त्यामुळे छातीची फिजिओथेरपी सोडून चालत नाही.

मग प्रत्येक चिकट कफावर हे औषध का नाही?

हा या विषयातील सर्वात महत्त्वाचा इशारा. ब्राँकिएक्टेसिस म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार. भारतात क्षयरोग बरा झाल्यानंतर अनेकांना तो जडतो. यातही भरपूर, घट्ट कफ होतो. त्यामुळे सिस्टिक फायब्रोसिस नसलेल्या अशा ३४९ रुग्णांवर डॉर्नेज अल्फाची चाचणी घेण्यात आली. १९९८ मध्ये जाहीर झालेला निकाल अपेक्षेच्या उलट होता. औषध घेणाऱ्यांना संसर्गाचे झटके अधिक आले आणि फुप्फुसाची क्षमताही अधिक घटली. म्हणूनच अशा रुग्णांना हे औषध देऊ नये, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. कफ दिसायला सारखा असला तरी आजार वेगळा असतो, हा याचा अर्थ.

भारतात आणखी एक गोंधळ होतो. दाढ काढल्यावर किंवा सूज आल्यावर ‘सेराशिओपेप्टिडेज’ची गोळी सर्रास दिली जाते. कफ पातळ होतो म्हणूनही ती घेतली जाते. ते मूळचे सेराशिया गटातील जीवाणूपासून मिळालेले एन्झाइम असले तरी ते प्रथिने तोडते, डीएनए नाही. त्यामुळे ती गोळी डीएनेजला पर्याय ठरत नाही. गंमत म्हणजे डीएनए तोडणारे उद्योगातील सर्वात परिचित एन्झाइमही सेराशिया मार्सेसेन्स याच जीवाणूकडून घेतलेले आहे. त्याबद्दल पुढे.

छातीत पू झाल्यास काय उपयोग?

न्यूमोनिया किंवा क्षयरोगानंतर काही वेळा फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पू साचतो. त्याला एम्पायमा म्हणतात. नळी टाकून पू काढायचा प्रयत्न होतो, पण दोन अडथळे येतात. एक म्हणजे फायब्रिनच्या जाळ्यांनी आत छोटे छोटे कप्पे तयार होतात. दुसरे म्हणजे मेलेल्या पेशींच्या डीएनएमुळे पू इतका दाट असतो की तो नळीतून वाहतच नाही.

फक्त कप्पे फोडायला स्ट्रेप्टोकायनेज देऊन फायदा होतो का, हे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत तपासले गेले. २००५ मध्ये आलेला निकाल निराशाजनक होता. शस्त्रक्रियेची गरज आणि मृत्यू यांपैकी काहीच कमी झाले नाही. त्यानंतर २१० रुग्णांवर दुसरी चाचणी झाली. त्यात काहींना फायब्रिन विरघळवणारे टीपीए, काहींना डीएनेज, काहींना दोन्ही, तर काहींना निष्क्रिय द्रव देण्यात आला. दोन्ही औषधे नळीतून तीन दिवस, दिवसातून दोनदा दिली गेली. २०११ मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी तीन महिन्यांत केवळ चार टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी पाठवावे लागले. निष्क्रिय द्रवाच्या गटात हे प्रमाण १६ टक्के होते. रुग्णालयातील मुक्कामही सरासरी साडेसहा दिवसांहून अधिक घटला.

याच चाचणीतील एक आकडा दुर्लक्षून चालणार नाही. केवळ डीएनेज दिलेल्या गटात शस्त्रक्रियेसाठी पाठवण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे कप्प्यांच्या भिंती न फोडता नुसता पू पातळ करणे उपयोगाचे नाही आणि पू पातळ न करता नुसत्या भिंती फोडणेही पुरेसे नाही. दोन्ही एन्झाइम एकत्र असतील तरच गुण येतो. भारतातील अनेक रुग्णालयांत खर्चामुळे आजही स्ट्रेप्टोकायनेज किंवा युरोकायनेज यांच्यावरच भिस्त आहे.

लस बनवताना डीएनए कापावा का लागतो?

अनेक लशींचे विषाणू जिवंत पेशींमध्ये वाढवले जातात. रेबीजसारख्या लशींसाठी ‘व्हेरो’ पेशी वापरतात. आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून जपानच्या चिबा विद्यापीठात १९६२ मध्ये ही पेशीमालिका तयार झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्हिशिल्ड लशीतील अ‍ॅडिनोव्हायरस मानवी मूत्रपिंडाच्या ‘एचईके-२९३’ पेशींमध्ये वाढवला जात होता. विषाणू काढून घेण्यासाठी पेशी फोडल्या की त्यांचा डीएनएही द्रवात मिसळतो.

यातून दोन प्रश्न उभे राहतात. पहिला अभियांत्रिकीचा. डीएनएच्या लांब धाग्यांमुळे टाकीतील द्रव शेंबडासारखा घट्ट होतो, पंपांवर ताण येतो आणि महागडे फिल्टर तुंबतात. डीएनए विषाणूला चिकटून बसत असल्याने शुद्धीकरणही अवघड होते. दुसरा प्रश्न सुरक्षेचा. या पेशी अमर्याद वाढू शकतात. त्यांच्या डीएनएचे लांब तुकडे शरीरात गेल्यास निदान तत्त्वतः तरी धोका संभवतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने अशा पेशींतून बनणाऱ्या इंजेक्शनच्या लशींसाठी एका मात्रेत १० नॅनोग्रॅमपर्यंतच उरलेला डीएनए चालेल, अशी मर्यादा घालून दिली आहे. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा १०० कोटीवा भाग. माणसाच्या एका पेशीत साधारण सहा पिकोग्रॅम डीएनए असतो, हे लक्षात घेतले तर ही मर्यादा जेमतेम दीड हजार पेशींच्या डीएनएइतकी आहे. उरलेले तुकडे आखूड, म्हणजे सुमारे २०० अक्षरजोड्यांपेक्षा लहान असावेत, अशीही अमेरिकेच्या नियामकांची अपेक्षा असते. जनुक म्हणून काम करायला एवढा तुकडा सहसा पुरत नाही.

इथे सेराशियाचे एन्झाइम कामी येते. ‘बेन्झोनेज’ या नावाने ते जगभरात ओळखले जाते आणि ई. कोलाय जीवाणूंकडून ते बनवून घेतले जाते. ते डीएनए आणि आरएनए दोन्हींचा दोन ते पाच अक्षरांच्या तुकड्यांपर्यंत चुरा करते. मॅग्नेशियमचे आयन आणि योग्य तापमान मिळाले की टाकीतील घट्ट द्रव काही वेळातच पाण्यासारखा वाहू लागतो. जनुकोपचारासाठी लागणारे विषाणू बनवतानाही हीच पायरी असते.

मात्र काम झाल्यावर हे एन्झाइमही बाहेर काढावे लागते. कारण तेही शेवटी जीवाणूचे प्रथिन आहे. पुढील गाळणी आणि क्रोमॅटोग्राफीत ते निघून गेले की नाही, हे स्वतंत्र चाचणीने तपासले जाते. शिवाय क्षाराचे प्रमाण जास्त असेल तर बेन्झोनेज मंदावते. त्यामुळे खाऱ्या द्रावणातही तडफेने काम करणारी एन्झाइम शोधली गेली. नॉर्वेच्या ट्रॉम्सो शहरातील आर्क्टिकझाइम्स कंपनीने अशी एन्झाइम बाजारात आणली आहेत.

एमआरएनए लशीत डीएनए कुठून आला?

एमआरएनए लस पेशींशिवाय, नळकांड्यातील रासायनिक क्रियेने बनते. पण एमआरएनए लिहून घ्यायला डीएनएचा साचा लागतो. नक्कल तयार झाली की साचा नको असतो, म्हणून डीएनेज-१ घालून तो कापला जातो. एमआरएनए आणि डीएनए यांच्यात फरक करणारी कात्री इथे अत्यावश्यक असते. डीएनएबरोबर आरएनएही तोडणारे बेन्झोनेज घातले तर लसच नष्ट होईल. एमआरएनए लशींच्या उत्पादनातील ही सर्वसाधारण पायरी आहे. पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सच्या ‘जेमकोव्हॅक-१९’ या पहिल्या भारतीय एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, तेव्हापासून हे तंत्र महाराष्ट्राच्याही परिचयाचे झाले आहे.

२०२३ पासून समाजमाध्यमांवर ‘एमआरएनए लशीत धोकादायक प्रमाणात डीएनए आहे’ असे दावे फिरत आहेत. साच्याचा अत्यल्प अंश उरतो, हे उत्पादक व नियामक कधीच लपवत नव्हते. त्यासाठीच मर्यादा ठरवलेली असते. युरोप आणि ऑस्ट्रेलियाच्या नियामकांनी तपासणीनंतर हे प्रमाण मर्यादेत असल्याचे सांगितले आहे. मोजण्याची पद्धतही इथे महत्त्वाची ठरते. डीएनए चमकवून दाखवणारे काही रंग आरएनएलाही चिकटतात. त्यामुळे आरएनएने भरलेल्या नमुन्यात अशा रंगाने मोजल्यास डीएनएचा आकडा फुगलेला दिसू शकतो.

कपडे धुण्यात डीएनेजचे काय काम?

घामट टी-शर्ट धुतल्यावरही कुबट वास येतो, असा अनेकांचा अनुभव असतो. त्यामागे जीवाणूंचा थर असतो. जीवाणू स्वतःभोवती चिकट आवरण विणतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की स्युडोमोनास या जीवाणूला असा थर उभारायला बाहेर सांडलेला डीएनए लागतो. डीएनेज घातल्यावर कोवळे थर विरघळले. जुने, पक्के झालेले थर मात्र फारसे हलले नाहीत.

शरीरातून झडलेल्या पेशी आणि जीवाणू यांचा डीएनए कपड्याच्या धाग्यात अडकतो. त्यावर मळ आणि वास धरून राहतो. हे सूत्र पकडून डेन्मार्कच्या नोव्होझाइम्स कंपनीने, म्हणजे आताच्या नोव्होनेसिसने, २०१९ मध्ये डिटर्जंटसाठी डीएनए तोडणारे एन्झाइम बाजारात आणले. डाग काढणारी प्रोटिएज, लायपेज ही एन्झाइम डिटर्जंटमध्ये अनेक दशके आहेत. त्यात ही नवी भर. थंड पाण्यात आणि छोट्या धुलाईत कपडे स्वच्छ व्हावेत, म्हणजे विजेची व पाण्याची बचत व्हावी, हा यामागचा विचार.

प्रयोगशाळेत कुठे वापर होतो?

पीसीआर तपासणीत डीएनएचा एखादा भटका तुकडाही खोटा निकाल देऊ शकतो. त्यामुळे तपासणीची रसायने आधी डीएनेजने साफ केली जातात. पण तेच एन्झाइम शिल्लक राहिले तर ते खऱ्या नमुन्याचाही फडशा पाडेल. यावर समुद्रातून उत्तर मिळाले. उत्तरेकडील थंड समुद्रातील एका कोळंबीत असे डीएनेज असते, जे मध्यम उष्णतेने कायमचे निष्क्रिय होते. साफसफाई करायची, थोडे तापवायचे आणि मग नमुना घालायचा, इतके ते सोपे.

रुग्णालयातील एक नेहमीची तपासणीही याच एन्झाइमवर बेतलेली आहे. घशाचा संसर्ग करणारे स्ट्रेप्टोकोकस जीवाणू स्वतःच डीएनेज सोडतात. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. ‘अँटी डीएनेज-बी’ चाचणीत ती आढळली तर अलीकडे असा संसर्ग होऊन गेल्याचे कळते. संधिवाताच्या तापाचे निदान करताना ही माहिती उपयोगी पडते. या तापाने मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात आणि भारतात तो अजूनही संपलेला नाही.

पुढचे संशोधन कोणत्या दिशेने?

स्ट्रेप्टोकोकस डीएनेज का सोडतो, याचे उत्तर २००४ नंतर स्पष्ट झाले. बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी त्या वर्षी दाखवले की न्यूट्रोफिल पेशी जीवाणूंना पकडण्यासाठी स्वतःच्या डीएनएचे जाळे फेकतात. हे जाळे कापून निसटण्यासाठी जीवाणूने स्वतःची कात्री तयार ठेवली आहे. हीच जाळी गरजेपेक्षा जास्त झाली तर रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, फुप्फुसाला इजा होऊ शकते. मेंदूच्या रक्तवाहिनीतून काढलेल्या गुठळ्यांमध्येही ही जाळी आढळली आहेत. त्यामुळे पक्षाघातात गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला डीएनेजची जोड देता येईल का, याचा अभ्यास सुरू आहे. कोविडमध्येही डॉर्नेज अल्फाच्या छोट्या चाचण्या झाल्या. मात्र ते नेहमीच्या उपचारांचा भाग बनले नाही.

ल्युपस या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच डीएनएवर हल्ला करते. डीएनेज-१ नसलेल्या उंदरांत ल्युपससारखी लक्षणे दिसतात, हे २००० मध्ये कळले. २०११ मध्ये या कुळातील दुसऱ्या एन्झाइमच्या जनुकातील बिघाड आणि कुटुंबात चालत आलेला ल्युपस यांचा संबंध सापडला. याआधी रुग्णांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत बाहेरून दिलेल्या डीएनेजचा ठोस फायदा मात्र दिसला नव्हता. रक्तात जास्त वेळ टिकणारी सुधारित एन्झाइम बनवण्यावर आता भर आहे.

हे औषध आपलाच डीएनए कापणार नाही का?

स्वाभाविक प्रश्न आहे. जिवंत पेशीतला डीएनए दोन तटबंद्यांच्या आत असतो : पेशीचे आवरण आणि केंद्रकाचे आवरण. डॉर्नेज अल्फा हे २६० अमिनो आम्लांचे मोठे प्रथिन आहे, ते या भिंती ओलांडत नाही. पेशी मरून फुटल्यावर बाहेर सांडलेला डीएनएच त्याच्या तावडीत सापडतो. शिवाय नेब्युलायझरने घेतलेले औषध मुख्यतः फुप्फुसातच राहते. स्नायूंमधील अ‍ॅक्टिन हे प्रथिनही डीएनेज-१ ला घट्ट पकडून निष्क्रिय करते. शरीराने ही कात्री नेहमीच लगाम घालून वापरली आहे.

भारतीय रुग्णांसाठी अडचण कोणती?

सिस्टिक फायब्रोसिस हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, भारतात तो नसतोच, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती चुकीची ठरली आहे. सततचा खोकला, वजन न वाढणे, तेलकट शौच, घामाची खारट चव ही लक्षणे असलेली मुले वर्षानुवर्षे दमा किंवा क्षयरोग म्हणून उपचार घेत राहतात. घामातील क्लोराइड मोजण्याची साधी चाचणी निदानासाठी पुरते, पण ती सगळीकडे होत नाही.

निदान झाले तरी औषधाचा प्रश्न उरतो. बिघडलेल्या प्रथिनालाच दुरुस्त करणारी नवी औषधे २०१२ पासून अमेरिकेत आली, पण त्यांची तिथली किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या घरात आहे. शिवाय ती प्रामुख्याने ज्या जनुकीय बदलावर चालतात, तो भारतीय रुग्णांत पाश्चात्त्यांच्या तुलनेत कमी आढळतो. त्यामुळे इथल्या अनेक मुलांसाठी कफ पातळ करणे, फिजिओथेरपी, प्रतिजैविके आणि पोषण हाच उपचाराचा कणा राहतो. डॉर्नेज अल्फा रोज, म्हणजे वर्षाला ३६५ वेळा लागते. आयात होणाऱ्या या औषधाचा खर्च सामान्य कुटुंबाला झेपत नाही. ते दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते आणि एकूण २४ तासांहून अधिक काळ बाहेरच्या तापमानात राहिल्यास वापरता येत नाही. भारनियमन असलेल्या गावात फ्रिजच भरवशाचा नसेल, तर हीदेखील मोठी अडचण ठरते. म्हणून अनेक डॉक्टर स्वस्त असलेल्या तीव्र मिठाच्या पाण्याच्या नेब्युलायझेशनवर भर देतात.

केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसचा समावेश आहे. २०२२ पासून या धोरणातील रुग्णांना ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त उत्कृष्टता केंद्रात नोंदणी करावी लागते. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यापैकी एक. मात्र आयुष्यभराच्या आजारात ही रक्कम कधी तरी संपणारच.

उपाय उद्योगाच्या बाजूनेही निघू शकतो. मूळ औषधाला ३० वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. रशियात जेनेरियम या कंपनीने डॉर्नेज अल्फाचा जैवसदृश पर्याय तयार केला आहे. हॅमस्टरच्या पेशींतून प्रथिन औषधे बनवण्याचे कौशल्य भारतीय कंपन्यांकडेही आहे. कर्करोग आणि संधिवातावरील जैवसदृश औषधे त्या निर्यात करतात. अडसर तंत्रज्ञानाचा कमी आणि बाजारपेठेचा अधिक आहे. निदान झालेले रुग्ण थोडे, म्हणून मागणी थोडी. मागणी थोडी, म्हणून उत्पादन नाही आणि किंमत चढी. हे चक्र तोडायचे तर आधी घामाची चाचणी जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचावी लागेल. किती मुलांना औषध लागणार आहे, हे त्याशिवाय ना सरकारला कळेल, ना कंपन्यांना.